ठिबक थांबली, तरी पाणी हवेच
नौकेच्या शाफ्ट-सीलला लागणारे थंड पाणी, त्याची नळजोडणी आणि सुट्या भागांची निवड

गेट वे ऑफ इंडियासमोर नांगरलेली प्रवासी लाँच असो, खाडीतून बाहेर पडणारा मासेमारी ट्रॉलर असो, की हौशी नाविकाची शिडाची यॉट. इंजिन पोटात बसविलेल्या बहुतेक नौकांच्या तळाला एक भोक मुद्दाम ठेवलेले असते. इंजिन आत आणि पंखा बाहेर. या दोहोंना जोडणारा शाफ्ट त्या भोकातून, पाण्याच्या पातळीखालून, बाहेर जातो. शाफ्ट मोकळेपणाने फिरला पाहिजे आणि समुद्र मात्र आत येता कामा नये, अशा दोन परस्परविरोधी अटी तेथे एकाच वेळी पाळाव्या लागतात. हे काम करणारा भाग म्हणजे शाफ्ट-सील.

जुन्या पद्धतीच्या नौकांत येथे सतत थोडे पाणी ठिबकत असे. नव्या पद्धतीच्या सीलने ही ठिबक बंद केली. ठिबक बंद झाली म्हणजे पाण्याचा प्रश्न मिटला, असा समज त्यामुळे अनेक नौकामालकांत रूढ झाला. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. न ठिबकणाऱ्या सीललाही पाण्याची गरज असतेच. फरक इतकाच, की ते पाणी आता डोळ्यांना दिसत नाही. एका बोटाएवढ्या जाड नळीतून ते येते आणि त्या नळीवर सीलचे आयुष्य, प्रसंगी नौकेचेही भवितव्य, अवलंबून राहते.

ग्लँडपासून सीलपर्यंत

पंख्याच्या जहाजांचा प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाला, तेव्हा शाफ्टची बेअरिंगे हीच अभियंत्यांची मोठी डोकेदुखी होती. धातूची बेअरिंगे समुद्राच्या पाण्यात लवकर झिजत, शाफ्ट डगमगू लागे आणि गळती वाढे. इंग्लंडमधील ग्रिनिच येथील अभियंता जॉन पेन याने १८५४ मध्ये लिग्नम व्हायटी या अतिशय कठीण लाकडाच्या पट्ट्या बसविलेल्या बेअरिंगचे पेटंट घेतले. हे लाकूड पाण्यात बुडण्याइतके जड असून त्यात नैसर्गिक राळयुक्त तेल असते. पट्ट्यांमधील खाचांतून समुद्राचे पाणी खेळते आणि तेच वंगणाचे व थंड ठेवण्याचे काम करते. आजच्या छोट्या नौकांमध्ये लाकडाची जागा खाचा असलेल्या रबरी बेअरिंगने घेतली असली, तरी तत्त्व तेच राहिले आहे.

मात्र बेअरिंगमध्ये पाणी खेळवायचे, तर शाफ्टभोवतीची नळी, म्हणजे स्टर्न ट्यूब, पाण्याने भरलेली राहणार. तिच्या आतल्या टोकाशी हे पाणी अडविण्यासाठी ‘ग्लँड’ असते. मेणात किंवा चरबीत मुरविलेल्या जवसाच्या तंतूंच्या चौकोनी दोरीचे तीन-चार वेढे शाफ्टभोवती घालून ते नट किंवा बोल्टच्या साहाय्याने आवळले जातात. अलीकडे दोरीसाठी टेफ्लॉनसारखे कृत्रिम पदार्थही वापरतात. ग्लँड कधीही पूर्ण आवळायची नसते. शाफ्ट फिरत असताना मिनिटाला काही थेंब आत पडणे आवश्यक मानले जाते. हे थेंब दोरी आणि शाफ्ट यांच्यातील घर्षणाची उष्णता वाहून नेतात. ग्लँडला हात लावल्यावर चटका बसला, तर ती फार आवळली गेली आहे हे जाणकार तांडेल लगेच ओळखतो. ठिबक ही अशा रीतीने शीतनाची सोय होती, तशीच ती तपासणीची खूणही होती.

आधुनिक सीलचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिल्यात स्टर्न ट्यूबवर रबरी घडीचा भाता बसविलेला असतो आणि त्याच्या पुढील टोकाला कार्बनचे कडे असते. शाफ्टवर पक्के केलेले स्टेनलेस स्टीलचे कडे या कार्बनवर टेकते व शाफ्टबरोबर फिरते. दोन गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांवर दाबून राहिल्याने पाणी अडते. दुसऱ्या प्रकारात शाफ्टला वेढून बसणारा रबरी ओठ असतो. मोटारीच्या ऑइल-सीलचेच हे नौकेसाठीचे रूप. दोन्ही प्रकारांत एकमेकांवर घासणाऱ्या पृष्ठभागांमध्ये पाण्याचा अतिशय पातळ थर असतो. तो थर आहे तोवर सील वर्षानुवर्षे टिकतो. तो नाहीसा झाला, तर कोरड्या घर्षणाने रबरी ओठ अल्पावधीत करपतो, कार्बनचे कडे तापते आणि भात्याच्या रबरालाही झळ पोहोचते.

पाणी आपोआप का पोहोचत नाही?

स्टर्न ट्यूब समुद्रात बुडालेली असताना सीलपर्यंत पाणी आपोआप यायला हवे, असे कोणालाही वाटेल. संथ चालणाऱ्या नौकांत ते बहुतांशी येतेही. तेथे अडचण असते ती कोंडलेल्या हवेची. नौका पाण्यात सोडली, की ट्यूबच्या वरच्या टोकाशी, म्हणजे नेमकी सीलपाशी, हवेचा बुडबुडा अडकतो आणि सील कोरडा राहतो. म्हणून अशा नौकांत सीलच्या तोटीपासून एक नळी पाण्याच्या पातळीच्या वर, सर्वसाधारणपणे सुमारे दोन फूट, नेऊन मोकळी ठेवतात. हवा तीतून निघून जाते आणि पाणी पातळीपर्यंत चढून थांबते.

वेगवान नौकांचे गणित निराळे असते. वेग वाढला, की नौकेच्या तळालगत वाहणाऱ्या पाण्यामुळे ट्यूबच्या बाहेरील तोंडाशी दाब कमी होतो आणि ट्यूबमधील पाणी बाहेर ओढले जाते. पंख्याने घुसळलेली हवाही आत शिरते. सीलला पाण्याची सर्वाधिक गरज असते, तेव्हाच ते तेथून नाहीसे होते. म्हणून कार्बनच्या कड्याच्या सीलसाठी १२ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटर, ही मर्यादा मानली जाते. त्याहून अधिक वेगाच्या नौकेत दाबाखालचे पाणी नळीने सीलमध्ये सोडणे अनिवार्य ठरते. ओठाच्या सीलच्या बाबतीत अनेक उत्पादक संथ नौकांसाठीही अशा पाण्याची शिफारस करतात.

कोकण किनाऱ्यावर या कारणांत आणखी एकाची भर पडते. मुंबई बंदरातील व खाड्यांमधील पाणी गाळाने भरलेले असते आणि ओहोटीला अनेक नौका चिखलात टेकतात. ट्यूबमध्ये शिरलेला गाळ सीलच्या पृष्ठभागांवर घासकागदासारखे काम करतो. इंजिनाच्या गाळणीतून आलेले पाणी ट्यूबमध्ये आतून बाहेर वाहत राहिले, तर हा गाळ सीलपासून दूर ढकलला जातो.

पाणी कोठून घ्यावे?

समुद्राच्या पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात पाण्याचा मार्ग ठरलेला असतो. तळातील व्हॉल्व्हमधून पाणी गाळणीत येते, तेथून पंपात, मग हीट एक्स्चेंजरमध्ये आणि शेवटी धुराच्या नळकांड्याच्या कोपरात. तेथे ते धुरात मिसळून बाहेर पडते. सीलसाठी टी-जोड देण्याची सर्वमान्य जागा म्हणजे हीट एक्स्चेंजर आणि धुराचा कोपर यांच्या दरम्यान. येथे पाण्याला पंपाचा दाब असतो आणि इंजिनाचे काम आधीच झालेले असल्याने त्याच्या शीतनात तूट येत नाही. पाणी किंचित कोमट झालेले असले, तरी सीलला ते पुरेसे थंड असते.

जोड देताना होणाऱ्या दोन चुका महागात पडतात. पंपाच्या आधी, म्हणजे ओढीच्या बाजूला, जोड दिल्यास पंप सीलला पाणी देण्याऐवजी सीलमधलेच पाणी ओढून घेतो. दुसरी चूक म्हणजे इंजिनाच्या बंद चक्रातील गोड्या पाण्याला हात लावणे. ते पाणी अतिशय गरम असते आणि सीलमार्गे समुद्रात वाहून गेल्यास इंजिनच तापते. तळाबाहेरील कील-कूलरवर थंड होणाऱ्या, कोरड्या धुराच्या नौकांत समुद्राच्या पाण्याचा पंपच नसतो. तेथे स्वतंत्र लहान पंप बसवावा लागतो आणि तो बंद पडल्यास इशारा देणारी घंटा त्याला जोडणे शहाणपणाचे ठरते.

पाणी किती हवे, याचा प्रचलित ढोबळ नियम असा, की शाफ्टच्या प्रत्येक इंच व्यासामागे मिनिटाला सुमारे चार लिटर. दोन इंची शाफ्टला त्यानुसार आठ लिटर लागतात. सीलबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल, तर तोच प्रमाण मानावा. प्रत्यक्ष प्रवाह मोजण्यास बादली आणि घड्याळ पुरेसे असते. नौका जमिनीवर असताना पंपाची ओढनळी गोड्या पाण्याच्या पिंपात सोडावी, सीलकडील टोक बादलीत धरावे, इंजिन संथ गतीवर एक मिनीट चालवावे आणि जमलेले पाणी मापावे. संथ गतीवर पुरेसे पाणी आले, तर जास्त गतीवर ते कमी पडण्याची शक्यता नाही.

दोन इंजिनांच्या नौकेत आणखी एक काळजी घ्यावी लागते. एक इंजिन बंद ठेवून नौका चालविली, तर बंद इंजिनाचा पंखा पाण्याच्या प्रवाहाने फिरत राहतो. त्याबरोबर शाफ्ट फिरतो, पण त्या सीलला पाणी मिळत नाही. म्हणून दोन्ही सील एका आडव्या नळीने जोडतात. चालू इंजिनाचे पाणी मग दोन्हीकडे पोहोचते. आडवी नळी नसल्यास बंद इंजिनाचा शाफ्ट जागच्या जागी जखडून ठेवावा लागतो.

नळी कशी न्यावी?

नळीचे सीलकडील टोक समुद्राला खुले असते, हे नळजोडणी करताना विसरून चालत नाही. इंजिन बंद झाल्यावर समुद्राचे पाणी याच नळीतून उलट चढू शकते. इंजिनाचा धुराचा कोपर पाण्याच्या पातळीच्या जवळ किंवा खाली असेल, तर हे पाणी वक्रनलिकेच्या तत्त्वाने वाहत राहून धुराच्या मार्गाने थेट सिलिंडरमध्ये शिरण्याचा धोका असतो. म्हणून नळी आधी पाण्याच्या पातळीच्या बरीच वर चढवून, तेथे उलटी कमान करून मगच सीलकडे उतरवतात. कमानीच्या माथ्यावर हवा आत घेणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. इंजिन थांबताच तो उघडतो आणि पाण्याची साखळी तोडतो. शिडाच्या नौकेत कमान मध्यरेषेजवळ असावी, म्हणजे नौका कलंडली तरी ती पाण्याखाली जात नाही. व्हॉल्व्हमध्ये मीठ साचून तो चिकटतो. म्हणून दर हंगामात तो गोड्या पाण्याने धुवावा.

नळीला तीव्र वाक नसावा आणि ती फिरत्या शाफ्टला, पट्ट्याला वा तापलेल्या नळकांड्याला टेकू नये. तिला ठरावीक अंतरावर आधार द्यावा. सीलकडील टोकाला, जागा असेल तेथे, दोन क्लिपा लावाव्यात. या टोकाशी तोटी बसवावी की नाही, याविषयी मतभेद आहेत. नळी फुटल्यास तोटीने पाणी बंद करता येते, पण चुकून बंद राहिलेली तोटी सील जाळून टाकते. तोटी बसविलीच, तर तिची मूठ उघड्या स्थितीत तारेने बांधून ठेवणे आणि शेजारी ठळक सूचना लिहिणे आवश्यक आहे.

या नळीकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, हे साध्या हिशेबावरून कळते. पाण्याच्या पातळीखाली अर्ध्या मीटरवर १० मिलिमीटर व्यासाचे भोक मोकळे राहिले, तर त्यातून तासाला सुमारे ५०० लिटर पाणी आत येते. रात्रीच्या दहा तासांत ते पाच टन होते. बॅटरीत वीज आहे तोवर तळातील पंप त्याला तोंड देईल. बॅटरी उतरली, की छोटी नौका नांगरावरच बुडेल. अशी नौका बुडते तेव्हा तिच्यावर सहसा कोणी नसते.

सुट्या भागांची निवड

मुंबईत अशा कामाचे सामान शोधणारा माणूस पहिल्यांदा नागदेवी स्ट्रीटकडे वळतो. होज, क्लिपा, व्हॉल्व्ह, बेअरिंगे आणि नाना मापांचे जोड तेथे हारीने मिळतात. मोडीत निघालेल्या जहाजांच्या सामानासाठी रे रोडजवळचा दारूखाना प्रसिद्ध आहे. सील मात्र बहुधा परदेशी बनावटीचा असतो आणि नौकासामानाच्या विक्रेत्यामार्फत मागवावा लागतो. आयात सील आणि स्थानिक बाजारातील जोड यांची सांगड घालताना मापांचा घोळ होतो.

पहिला घोळ शाफ्टचा. दोन इंची शाफ्ट ५०.८ मिलिमीटरचा असतो. पन्नास मिलिमीटरचा सील त्यावर चढणार नाही आणि दोन इंची सील पन्नास मिलिमीटरच्या शाफ्टवर गळेल. कागदपत्रांतील मापावर विसंबण्याऐवजी शाफ्ट व स्टर्न ट्यूबचा बाहेरील व्यास कॅलिपरने चार ठिकाणी मोजावा. जुन्या ग्लँडच्या दोरीने शाफ्टवर खाच पाडलेली असते. ओठाचा सील त्या खाचेवर बसविल्यास पाणी अडत नाही.

दुसरा घोळ आट्यांचा. भारतात पाण्याच्या जोडांना सर्वसाधारणपणे ब्रिटिश पद्धतीचे, बीएसपी, आटे असतात. अमेरिकी सीलवर एनपीटी आटे असू शकतात. अर्धा इंची मापात दोन्हींचे इंचाला १४ आटे असल्याने जोड सहज फिरतो आणि बरोबर बसला असे वाटते. परंतु एकाच्या आट्यांचा कोन ५५ अंश, तर दुसऱ्याचा ६० अंश असतो. अशा जोडातून पाणी झिरपत राहते. पाऊण इंचाच्या निम्म्या, म्हणजे तीन अष्टमांश इंची मापात एकाचे १९, तर दुसऱ्याचे १८ आटे असतात. तो जोड काही फेऱ्यांतच अडतो आणि जोर लावल्यास सीलची तोटी तडकते. टेफ्लॉनची टेप गुंडाळून हा दोष झाकता येत नाही. योग्य आट्यांचा रूपांतर-जोड घेणे हाच उपाय.

तिसरा प्रश्न धातूचा. घरगुती नळाच्या दुकानातील पितळी जोड स्वस्त आणि चकचकीत असतात, पण खाऱ्या पाण्यात साध्या पितळेतील जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे तांब्याचा सच्छिद्र, ठिसूळ सांगाडा उरतो. पितळेवर गुलाबी छटा दिसू लागली, की तो जोड हाताने मोडण्याच्या बेतात आला असे समजावे. समुद्राच्या पाण्यासाठी गनमेटल, ब्राँझ किंवा तंतुप्रबलित प्लॅस्टिकचे नौकायोग्य जोड वापरावेत. जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी जोड येथे पूर्णतः वर्ज्य आहेत. क्लिपा ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या असाव्यात. बाजारातील अनेक क्लिपांची पट्टी स्टेनलेस, पण स्क्रू साध्या पोलादाचा असतो. स्क्रूला लोहचुंबक घट्ट चिकटला, तर ती क्लिप घेऊ नये.

होजच्या बाबतीत पारदर्शक प्लॅस्टिक नळीचा मोह टाळावा. इंजिन-खोलीच्या उष्णतेने ती मऊ पडते आणि जोडावरून निसटते. आत कापडाचे किंवा तारेचे अस्तर असलेली, नौकेच्या वापरासाठी बनविलेली रबरी नळीच योग्य. कोणतीही रबरी वस्तू जुन्या बाजारातून घेऊ नये. वापर झालेला नसला, तरी रबराचे वय वाढतच असते.

बसविणे आणि निगा

सील बदलण्यासाठी शाफ्ट आणि गिअरबॉक्स यांच्यामधील कपलिंग सोडवावे लागते आणि त्यासाठी नौका बहुधा किनाऱ्यावर ओढावी लागते. म्हणूनच ओठाच्या सीलचा एक जादा ओठ शाफ्टवर आधीच चढवून ठेवण्याची पद्धत आहे. वेळ आली, तर कपलिंगला हात न लावता तो पुढे सरकविता येतो. कपलिंग पुन्हा जोडताना इंजिन व शाफ्ट एका रेषेत आहेत याची खात्री करावी. कंप पावणाऱ्या शाफ्टवर उत्तम सीलही तग धरत नाही. स्टेनलेस कडे पक्के करणारे छोटे स्क्रू एकदा सोडले, की नवेच लावावेत.

हवेसाठी नळी नसलेल्या सीलमधील हवा नौका पाण्यात उतरताच काढावी लागते. भाता हाताने किंचित मागे दाबला किंवा रबरी ओठ चिमटीत धरला, की बुडबुडे निघतात आणि पाण्याची चिळकांडी येते. ती आली, की सील ओला झाला. यानंतर पहिल्या फेरीत अर्ध्या-अर्ध्या तासाने सीलच्या अंगाला सावधपणे हात लावून पाहावा. तो कोमटापेक्षा अधिक तापत असेल, तर इंजिन थांबवून नळी तपासावी.

पाणी अडण्याची कारणे बहुधा नळीतच सापडतात. पंपातील रबरी इम्पेलरची तुटलेली पाती, हीट एक्स्चेंजरमधील जस्ताच्या कांडीचे कण आणि साचलेले मीठ या अरुंद मार्गात अडकतात. इम्पेलर बदलल्यावर तुटलेली सर्व पाती मोजून काढावीत. एखादे कमी भरले, तर ते पुढे कोठेतरी बसलेले असते. बंदरात तरंगणारी प्लॅस्टिकची पिशवी तळातील व्हॉल्व्हवर चिकटली, तर इंजिनाबरोबर सीलही कोरडा पडतो. तापमानाची घंटा वाजल्यावर इंजिनाइतकीच सीलचीही चौकशी करणे म्हणूनच आवश्यक असते.

पावसाळ्यात मासेमारी बंद असताना कोकणातील नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात, रंगरंगोटी होते, इंजिनाचे काम निघते. नारळी पौर्णिमेनंतर नौका पुन्हा पाण्यात जाण्यापूर्वी या एका नळीसाठी अर्धा तास राखून ठेवणे कठीण नाही. नळी हाताने दाबून पाहावी, टोके उघडून आतील मीठ काढावे, गंजलेल्या क्लिपा बदलाव्यात, कमानीचा व्हॉल्व्ह धुवावा आणि बादलीने प्रवाह मोजावा. भात्याचे रबर साधारण सहा वर्षांनी, दिसायला चांगले असले तरी, बदलण्याची शिफारस केली जाते. त्याची तारीख इंजिनाच्या वहीत लिहून ठेवावी.

ग्लँडचा तांडेल दिवसातून एकदा वाकून थेंब पाहत असे. ते थेंब कमी झाले, वाढले, की त्याला काय करायचे ते कळे. नव्या सीलमध्ये पाहण्यासारखे काही उरलेले नाही. म्हणून वाकून नळीला हात लावण्याची सवय मात्र त्याने सोडता कामा नये.